तिघांसाठी आखलेला राजगड

डिसेंबरातलं भिलाईचं धुकं पांढरं नसतं. त्यात पोलाद कारखान्याचा, आमच्या प्लांटचा, धूर मिसळतो आणि ते पिवळट, जड होऊन स्मृति नगरच्या गल्ल्यांमध्ये नऊ-साडेनऊपर्यंत बसून राहतं. त्याला जळक्या कोळशाचा वास असतो. बाहेरगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो. आम्हाला तो वास आला की थंडी पडली असं वाटतं. मग हातगाड्यांवर जाम येतात. पेरूला आम्ही इकडे जामच म्हणतो. तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची, कोवळी भाजी येते. रस्त्यापलीकडच्या शेतांतलं धान कापून झालेलं असतं आणि उरलेल्या खुंटांमध्ये बगळे हिंडत असतात.

यंदाही हे सगळं वेळेवर आलं. परवा सकाळी दुधाची पिशवी उचलायला फाटकाशी वाकलो, तो वास नाकात गेला आणि तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा जसाच्या तसा समोर उभा राहिला. त्या हिवाळ्यात मी या घरात एकटा बसून राजगड आखत होतो.

मी गिर्यारोहक वगैरे काही नाही. वडील भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावातून प्लांटमध्ये कामगार म्हणून आले, इथेच राहिले. मी इथे जन्मलो, इथेच नोकरीला लागलो. दुरुस्ती विभागात आहे. भिलाई इतकी सपाट आहे की आमच्या लहानपणी ‘चढ’ म्हणजे रेल्वेवरचा पूल. किल्ला मी पाहिला तो शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात, आणि तेही हिंदीतल्या पुस्तकात. मराठी घरात होती. लिहिताना मी आता ‘मला’ लिहितो, पण तोंडातून ‘मले’च येतं. आमचा मुलगा तन्मय तर घरातही अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायचा. मला तो ‘पापा’ म्हणायचा.

अकरावी-बारावीला नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये दोन वर्षं घासून तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. पहिल्याच वर्षी त्याला कावीळ झाली. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी त्याच संध्याकाळी सांगितलं, “तू जा त्याच्यापाशी. दोन मयने राह्य. मी इकडचं पाहून घेतो.” ती गेली. कॉलेजजवळ दोन खोल्या घेतल्या, पथ्याचं करून घालू लागली. दोन महिन्यांत तो बरा झाला. पण होस्टेलच्या जेवणाची भीती बसली होती, मग परीक्षा आली, मग दुसरं वर्ष. ती तिकडेच राहिली आणि मी इकडे. भांडण नाही, तंटा नाही. रोज संध्याकाळी साडेसातला फोन.

“जेवले का?”

“आता बसतो.”

“थंडी आहे का?”

“आहे.”

“स्वेटर वरच्या कप्प्यात आहे.”

“काढलं.”

एवढं झालं की कोणीतरी ‘ठेवतो’ म्हणायचं.

अशाच एका फोनवर तन्मय मध्येच आला. “बाबा, इथं सगळेच किल्ले करतात. आपलं कधी काही पाहिलंच नाही आपण.” मी आधी त्या ‘बाबा’पाशीच अडकलो. पापाचा बाबा कधी झाला मला कळलंच नव्हतं. तो ‘मला’, ‘तुला’ म्हणत होता, वाक्यं शेवटपर्यंत मराठीत नेत होता. चांगलंच होतं ते. तरी एखाद्या ओळखीच्या घराचा दरवाजा दुसऱ्याच माणसाने उघडावा तसं झालं. मी म्हटलं, “मी डिसेंबरच्या सुट्टीत येतो तं जाऊ ना. तिघंबी जाऊ.”

“हो, जाऊ ना,” तो म्हणाला.

त्याच्यासाठी ते बोलण्यातलं ‘जाऊ ना’ होतं. मी दुसऱ्याच दिवशी कागद काढले.

प्लांटमधल्या आमच्या मिलमध्ये मोठी दुरुस्ती निघाली की सगळी मिल बंद ठेवावी लागते. त्याला शटडाऊन म्हणतात. त्याच्या आधी एक तक्ता काढायचा असतो. कोणत्या तासाला कोणता माणूस कुठे उभा राहील, कोणतं काम संपल्याशिवाय कोणतं सुरू करायचं नाही, एखाद्याला उशीर झाला तर त्याच्या जागी कोण. वीस वर्षं हे तक्ते मीच काढत आलो आहे. साहेब लोक बदलले, तक्ता माझ्याकडेच राहिला. मला दुसरं काही नीट येत नसेल, हे येतं.

तर मी राजगड निवडला, तन्मयला तसं कळवलं आणि राजगडाचं शटडाऊन काढलं. वाटाड्या घ्यायचा नाही, कोणाच्या गटाबरोबर जायचं नाही, आपले आपण तिघं, हे मनाशी पक्कं होतं. मिलमध्ये वापरून झालेल्या मोठ्या कागदांच्या कोऱ्या पाठी मी जेवणाच्या टेबलावर पसरल्या. मोबाइलवर लोकांनी टाकलेली वर्णनं वाचली, फोटो मोठे करकरून पाहिले. गुंजवण्याकडून चोर दरवाज्याची वाट आहे, ती उभी. तन्मयला ती आवडली असती. पण सुनंदाचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून मी पाली दरवाज्याची वाट धरली. तिकडून पायऱ्या आहेत, राजमार्ग म्हणतात तिला. स्वारगेटवरून वेल्ह्याकडची एसटी, पुढे पाली गावापर्यंत जे मिळेल ते, साडेआठला चढायला सुरुवात.

त्या वाटेवर मी सुनंदाच्या बसण्याच्या सात जागा काढल्या. कुठे झाड आहे, कुठे सपाट दगड आहे, कुठे कठडा धरायला मिळतो, हे फोटोंवरून ताडायचं आणि तिथे लाल पेनाने ‘सु.’ लिहायचं. प्रत्येक ‘सु.’पाशी दहा मिनिटं. तिसऱ्या ठिकाणी गूळ-शेंगदाणे, पाचव्या ठिकाणी गुडघ्याची पट्टी पुन्हा बांधणे. तन्मयच्या नावाची ओळ निळी होती; त्याने पाणी उचलायचं आणि पुढे जाऊन वाट पाहून यायचं. माझी ओळ काळी. संध्याकाळी कामावरून आलो की वरण-भाताचा कुकर लावायचो आणि कागदांपाशी बसायचो. खिडकीतून प्लांटच्या बाजूचं आभाळ दिसायचं. तिकडे लोखंडाची वितळलेली मळी ओतली की आभाळ मिनिटभर नारिंगी व्हायचं आणि टेबलावरच्या तिन्ही ओळींवर तो उजेड पडायचा. घरात कोणी नाही हे त्या वेळी जाणवत नसे. कागदावर आम्ही तिघं चालत होतो.

पायांचाही सराव हवा होता. आधी नेहरू नगरच्या पुलावर चढ-उतार केला, पण शेजारचे लोक गाडी थांबवून विचारायचे, “क्या हुआ, गाड़ी खराब है?” मग रविवारी स्कूटर काढून अहिवाऱ्याकडे जायला लागलो. तिकडे चुनखडीच्या खाणी आहेत. खाणीतून वर्षानुवर्षं काढून टाकलेल्या मातीचे ढिगारे आता टेकड्यांएवढे झालेत, त्यांवर बाभळी उगवल्यात. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या टाकून मी एका ढिगाऱ्यावर चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. वरून एका बाजूला खाणीच्या खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी दिसायचं आणि दुसऱ्या बाजूला सपाट, सपाट, सपाट.

तिथे एक म्हातारी बकऱ्या चारायची. दोन रविवार तिने नुसतं पाहिलं. तिसऱ्या रविवारी काठी टेकून जवळ आली आणि छत्तीसगढीत म्हणाली, “चढथस, उतरथस, फेर चढथस. ऊपर म काय हे?”

“कुछ नहीं, दाई,” मी म्हटलं. “परीक्षा की तैयारी है.”

“काकर परीक्षा?” कोणाची परीक्षा, असं ती विचारत होती.

“हम तीन जनों की.”

तिने माझ्या मागे, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, स्कूटरपर्यंत पाहिलं. “त बाकी दू झन कहाँ हें?”

बाकीचे दोघं पुण्यात आहेत, असं मी तिला सांगितलं. ती “हव”, म्हणजे बरं, म्हणाली आणि बकऱ्यांमागे गेली. हसली वगैरे नाही. त्या दिवशी मात्र मी दोनच फेऱ्या मारून घरी आलो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तन्मयचा फोन आला. एरवी सुनंदाच्या फोनवर तो मध्येच डोकवायचा. या वेळी स्वतःहून, दुपारी, मी मिलमध्ये असताना. मशीनच्या आवाजातून बाहेर येऊन ऐकावं लागलं.

“बाबा, ते राजगडचं तुम्ही काय काय लिहून ठेवलंय ना? फोटो पाठवा ना त्याचे. आम्ही पाच जण शनिवारी चाललोय. कोणालाच रस्ता माहीत नाही.”

मी म्हटलं, “पाठवतो.”

आणखी काय म्हणणार होतो? संध्याकाळी सहाच्या सहा कागद टेबलावर एकेक करून ठेवले, कोपरे वळू नयेत म्हणून चारही बाजूंना वाट्या ठेवल्या आणि फोटो काढले. पाठवायच्या आधी वाटलं, लाल पेनाचं खोडून टाकावं. मुलं हसतील. मग तसंच पाठवलं. शनिवारी माझी पहिली पाळी होती. मोबाइल खिशात थरथरत होता आणि मी दर वेळी मनात तक्ता पाहत होतो: साडेनऊ, आता चौथ्या जागेपाशी असतील. जेवणाच्या सुट्टीत फोटो उघडले. पाच मुलं पाली दरवाज्यात, हात वर केलेली. तन्मयच्या गळ्यात माझा जुना मफलर होता.

“बाबा, तुमचा प्लॅन एकदम परफेक्ट!” त्याने लिहिलं होतं. “फक्त आम्ही तासभर आधी पोचलो. आईच्या बसायच्या जागा स्किप केल्या.”

मला वाईट वाटलं का? सांगता येत नाही. एका परीने अभिमानच वाटला. पाच पोरं अनोळखी ठिकाणी माझ्या कागदावर भरवसा ठेवून वर गेली आणि धड खाली आली. शेजारी डबा खाणाऱ्या साहूला मी फोटो दाखवला. तो म्हणाला, “वाह, बेटा घूम आया!” मी म्हटलं, “हाँ.” भाजी मात्र त्या दिवशी उरली.

ठरल्याप्रमाणे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी पुण्याला पोचलो. दोन खोल्यांत सुनंदाने सगळं नीट लावलं होतं. तिची तिथल्या मैत्रिणींची भिशी होती, कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी ती आमच्याच मराठीत बोलायची आणि ती बाई तिला ‘नागपूरच्या ताई’ म्हणायची. मला दिवाणावर जागा दिली, उशीला नवा अभ्रा घातला. पाहुण्यासाठी घालतात तसा.

जेवताना मी विषय काढला. “मग उद्या का परवा निघायचं?”

“कुठं?” तन्मयने विचारलं.

“राजगडले.”

त्याने आईकडे पाहिलं. “बाबा, मी आत्ताच तर जाऊन आलो. पुन्हा तिथंच? आणि आईला कुठं झेपणारे? आपण मस्त कुठंतरी जेवायला जाऊ. तुम्ही सुट्टीवर आलात, आराम करा ना.”

तो प्रेमानेच बोलत होता. सुनंदा पोळी वाढत राहिली. मी म्हटलं, “मंग मी एकटाच जाऊन येतो.” आणि ते म्हणताना माझ्या आवाजात जो रुसवा आला, तो मला स्वतःलाच आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाने पहाटे उठून डबा दिला. पोळ्या, आलूची भाजी, कागदात बांधलेला गूळ. दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आरामात चढा. घाई नका करू.” मला वाटलं तिला आणखी काही बोलायचं आहे. एसटी चुकेल म्हणून मी जिने उतरलो.

पाली गावातून वर पाहिलं तेव्हा तो किल्ला आहे हे आधी कळलंच नाही. डोंगराच्या वर डोंगरासारखीच एक कड होती, उन्हात तांबूस झालेली. नीट पाहिल्यावर त्यात तट दिसला. कोरड्या गवताचा वास येत होता, आमच्या पैऱ्यासारखाच, म्हणजे धानाच्या पेंढ्यासारखाच, पण हलका, धुराशिवायचा. मी तक्ता घडी घालून वरच्या खिशात ठेवला होता. पहिल्या ‘सु.’पाशी पोचलो. फोटोत दिसलं होतं तसंच झाड होतं. मला दम लागला नव्हता, अहिवाऱ्याच्या ढिगाऱ्यांनी पाय तयार केले होते, तरी मी बसलो. घड्याळ लावून दहा मिनिटं बसलो. दुसऱ्या जागी बसलो. तिसऱ्या जागी गूळ खाल्ला. खालून पोरापोरींचे घोळके येत, “काका, बरंय ना?” विचारत आणि पुढे जात. पाचव्या जागी सपाट दगड नव्हताच. फोटोत मला जो दगड वाटला ती सावली होती. तिथे सुनंदाला उभंच राहावं लागलं असतं. वीस वर्षांतल्या एकाही तक्त्यात अशी चूक सापडल्यावर मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

पायऱ्या उंच होत गेल्या, मग एका वळणानंतर पाली दरवाजा आला. कमानीतून आत गेलो, वरच्या दुसऱ्या दरवाज्यापाशी देवडीत बसलो. आत गार होतं. महाराजांची राजधानी होती ही, हत्ती-अंबारी आत यावी एवढी उंच कमान आहे, हे सगळं मी वाचलं होतं. त्या क्षणी त्यातलं काही मनात आलं नाही. पश्चिमेला तोरणा दिसत होता, खाली धरणाच्या पाण्याचा एक तुकडा. एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत बोलायला कोणी नव्हतं, आणि एवढं बोलावंसं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

फोन वाजला. सुनंदा.

“पोचले का?”

“पोचलो. दरवाज्यात बसलो आहे.”

“सातही जागी बसले का?”

मी चपापलो. “तुले कसं मालूम?”

“तन्मयनं दाखवले ना कागद. लाल पेनानं माझं नाव आहे सात ठिकाणी.”

“हसली असशील.”

“नाही हसली. मले एक सांगा. त्या कागदावर माझा गुडघा आहे, माझी पाण्याची बाटली आहे, पट्टी कुठं बांधायची तेबी आहे. मले यायचं आहे का नाही, हे कुठं लिहिलं आहे?”

“तन्मय म्हणला होता ना, जाऊ म्हणून.”

“तन्मय म्हणला. मी कुठं म्हणली? रोज साडेसातले आपण बोलत होतो. एका दिवशी तरी विचारलं का, सुनंदा, तुले यायचं आहे का?”

“तुले यायचं नव्हतं का?”

“यायचंच होतं.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “कोपऱ्यावरच्या दुकानात बूटबी पाहून ठेवले होते मी. वाट पाहून राहिली होती का तुमी एकदा विचारसान. काल तन्मय म्हणला आईले झेपणार नाही, तुमी म्हणले मी एकटाच जातो. मंग म्हटलं, जाऊ द्या.”

कमानीखालून एक कुटुंब हसत-बोलत गेलं. मी म्हटलं, “उद्या येऊ आपण. उद्या येशील?”

“तसं नाही होत,” ती म्हणाली. रागाने नाही. “उतरताना जपून. ऊन चढते.” आणि फोन ठेवला.

मी पुढे पद्मावती माचीकडे गेलो नाही. तळं पाहिलं नाही, बालेकिल्ला पाहिला नाही. तासभर त्या देवडीत बसून राहिलो आणि मग उतरलो.

परतीच्या गाडीत, आणि नंतर या घरात, तो फोन मी मनात पुष्कळदा ऐकला. शटडाऊनच्या तक्त्यावर माणसाचं नाव घालताना कोणी त्याला विचारत नाही. ड्यूटीच असते ती. पण मी घरीही तेच करत आलो होतो, आणि करताना मला ती काळजीच वाटायची. पुण्याला जा, हेही मीच सांगितलं होतं. ती बॅग भरत होती तेव्हा दोनदा स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसून आली होती. मी गाडीची वेळ पाहत होतो. दोन महिन्यांची वर्षांवर वर्षं झाली, त्यातला एकही दिवस मी तिला विचारून ठरवला नव्हता, आणि एकटेपणा मात्र मी फक्त माझाच धरून चाललो होतो.

त्यानंतर आम्ही राजगडाचं नाव काढलं नाही. सुट्ट्यांत मी जातो, ती दिवाळीला येते, आठ दिवस या घरात वावरते, मसाल्यांच्या बरण्या जागेवर लावते आणि परत जाते. तन्मयला गेल्या वर्षी पुण्यातच नोकरी लागली. तो आता स्वतःचं करून खातो. तिने तिकडेच का राहावं याचं आता काही कारण उरलेलं नाही. तिने इकडे यावं याचं तरी काय कारण आहे, हेही मला नक्की सांगता येत नाही. माझी नोकरी दोन वर्षं उरली.

रविवारी साडेसातला फोन आला. जेवण झालं का, थंडी आहे का, स्वेटर. ती ‘ठेवते’ म्हणायच्या आत मी म्हटलं, “सुनंदा, एक विचारू का?”

“विचारा ना.”

“तुले कुठं राहावंसं वाटते? इथं, तिथं, का आणखी कुठं. मी काही ठरवलं नाही. खरंच नाही ठरवलं. तू सांग.”

फोन कटला असं वाटून मी तो कानापासून काढून पाहिला. चालू होता. तिच्याकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो तिने बंद केलेला ऐकू आला.

“असं एकदम नाही सांगता येत,” ती म्हणाली. “मी विचार करून सांगते.”

“कर ना. कितीबी वेळ घे.”

आज गुरुवार. सकाळपासून धुकं हललेलं नाही. सोमवारी साडेसातला फोन आला नाही. मंगळवारीही नाही, काल नाही. इतकी वर्षं न चुकलेला फोन चुकला की हात आपोआप मोबाइलकडे जातो. मी तो परत टेबलावर ठेवतो. तिला विचार करायचा आहे.